आधी दर विचारा, मग चप्पल पायात घाला

कोल्हापूरच्या चप्पल लाईनीतलं आमचं दुकान आजोबांच्या वेळचं. मी मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि शेवटी गल्ल्यावरच येऊन बसलो. त्यामुळे गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चालतं हे मला दोन बाजूंनी कळतं. एक बाजू वडिलांची, दुसरी मेंदूचे स्कॅन काढून खरेदीचा अभ्यास करणाऱ्यांची. दोघांचं बरंच जमतं. खाली लिहिलेलं आमच्या धंद्याच्या मुळावर येणारं आहे, तेव्हा वडिलांनी वाचलं नाही तर बरं.

अंबाबाईचं दर्शन करून माणूस लाईनीत शिरला की आम्ही दर सांगत नाही. "या पाव्हणं, बसा की. घालून तर बघा, घेतलंच पाहिजे असं कुठाय?" असं म्हणत कापशीचा जोड पुढं सरकवतो. वेणी दाखवतो, तळ वाकवून दाखवतो, दोन पावलं चालायला लावतो. करकर आवाज आला की पाहुणे हसतात. मग ते विचारतात, "कसं दिलं ओ?" तोपर्यंत आमचं निम्मं काम झालेलं असतं.

हे काम नेमकं कुठं होतं, ते २००७ साली स्टॅनफर्डच्या ब्रायन नटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. २६ जणांना मेंदूचा स्कॅन काढणाऱ्या एफएमआरआय यंत्रात झोपवून खरेदी करायला लावली, तीही खऱ्या पैशांनी. आधी चार सेकंद वस्तू, मग चार सेकंद किंमत, मग घेणार का नाही. वस्तू आवडली की न्यूक्लियस अक्यूम्बन्स हा मेंदूच्या आतल्या भागातला छोटा पुंजका जोरात कामाला लागायचा. किंमत अवाच्या सवा वाटली की इन्सुला नावाचा भाग चेतायचा आणि कपाळामागचा मधला भाग थंडावायचा. म्हणजे ओढ आणि टोचणी वेगवेगळ्या ठिकाणी, आणि एकापाठोपाठ एक. ओढीला आधी मोकळं रान मिळालं तर टोचणी मागाहून येऊन कितीशी भांडणार?

इथं एक सांगतो, कारण या विषयावर फार फेकाफेक चालते. इन्सुला चेतली म्हणजे "खिसा दुखला" असा सरळ अर्थ लावता येत नाही. चव, किळस, वेदना, छातीतली धडधड, सगळ्यांत ती असते. स्कॅन रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल दाखवतो, मनातला विचार दाखवत नाही. आणि २६ माणसं म्हणजे आमच्याकडं रविवारच्या तासाभराची गर्दी.

तरी कामाची गोष्ट पुढं आहे. २०१५ साली उमा करमरकर (आडनाव वाचून बरं वाटलं), बाबा शिव आणि नटसन यांनी क्रम उलटा करून पाहिला, आधी किंमत आणि मग वस्तू. त्यामुळे खरेदी एकदम कमी झाली असं नाही. डोक्यातला प्रश्न मात्र बदलला. वस्तू आधी दिसली तर मेंदू "आवडतंय का?" हे चाचपतो, किंमत आधी दिसली तर "एवढ्याच्या लायकीचं आहे का?" हे.

तेव्हा दुकानात शिरताना करायचं ते एवढंच: जोड हातात घ्यायच्या आधी दर विचारा. दुकानदार "आधी बघा तर" म्हणेल. म्हणू दे. तुम्ही उभ्याउभ्याच विचारा, बसू नका. बसलात की आम्ही पायाशी येतो, आणि कुणी पायाशी बसलेलं असताना "नको" म्हणायला जड जातं. यासाठी कुणाचा स्कॅन लागत नाही. दर कळल्यावर मग खुशाल घाला, दोन्ही पायांत घाला. कोल्हापुरी पायात घातल्याशिवाय घेऊच नये, कातडं पुढं सैल पडतं.

त्याहून चांगलं म्हणजे घरातून निघतानाच आकडा ठरवणं आणि तो सोबतच्या माणसाला सांगून ठेवणं. मनातल्या मनात ठेवलेला आकडा दुकानात आल्यावर वाढतो. हे मी रोज बघतो.

आकडा आधी ठरवण्याचं आणखी एक कारण आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींवर काम केलं. १९९७ साली पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्याबरोबर त्यांनी त्याचा हिशेब मांडला. फळाचा रस अचानक मिळाला की पेशी उसळतात. रस मिळणार हे खुणेवरून कळायला लागलं की त्या खुणेवरच उसळतात, रसावर नाही. खूण होऊन रस आलाच नाही तर नेहमीपेक्षाही गप्प होतात. पेशी मोजतात तो अपेक्षा आणि हाती आलेलं यांतला फरक. आता दुकानात या. २,४०० सांगून १,७०० ला दिलेला जोड आणि सरळ १,७०० सांगितलेला जोड, दोन्ही तेच. पण पहिला घेणारा जिंकल्यासारखा जातो. २,४०० ही अपेक्षा आम्ही तुमच्या डोक्यात घातलेली असते. तुमचा आकडा आधीच १,५०० असेल तर १,७०० ऐकून आनंद होत नाही, तुम्ही विचार करायला लागता.

गुजरीत, म्हणजे आमच्या सराफ बाजारात, हीच गोष्ट जरा वेगळी होते. सोन्याचा भाव सगळ्यांना आधीच माहीत असतो, म्हणून वाटतं की आपण सावध आहोत. ठुशी किंवा साज गळ्यात घालून आरशात बघून झाल्यावर मजुरी सांगितली जाते. वहिनींनी आरसा समोर यायच्या आधी मजुरी, घट आणि ३ टक्के जीएसटी धरून शेवटचा आकडा कागदावर मागावा. तो आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच गळ्यात घालावं.

पैसे देताना, हौसेची खरेदी असेल तर नोटा द्या. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रेलेक आणि सिमेस्टर यांनी २००१ साली बास्केटबॉलच्या तिकिटांचा लिलाव केला. क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्यांची बोली रोख देणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. तो प्रयोग कार्डाचा होता, क्यूआर कोडचा नाही. पण नोटा मोजताना थबकलेला हात स्कॅन करताना थबकत नाही, एवढं गल्ल्यावरून दिसतं. किराणा, दूध, वीजबिल यांना हा खटाटोप नको.

आता घासाघीस. २००३ साली ॲलन सॅनफी आणि सहकाऱ्यांनी १० डॉलर दोघांत वाटायचा खेळ खेळवला. एकानं वाटणी सुचवायची, दुसऱ्यानं नाकारली तर दोघांनाही काही नाही. फारच कमी वाटा मिळाला की लोक फुकटचे पैसेही नाकारत, आणि त्या वेळी इन्सुला जोरात असे. तीच वाटणी संगणकानं सुचवली तर नकार कमी. म्हणजे राग आकड्यापेक्षा समोरच्या माणसाचा. आमच्याकडंही ५० रुपयांवरून लोक मनासारखा जोड टाकून जातात. त्यांना ५० रुपये जड नसतात, समोरचा आपल्याला गंडवतोय असं वाटलेलं असतं. असा राग आला तर दर मनातल्या मनात कागदावर लिहिलेला आहे असं धरा, दुकानदाराचं तोंड बाजूला ठेवा. हाच दर पाटीवर असता तर घेतलं असतं का? हो असेल तर घ्या. नाही असेल तर शांतपणे उठा आणि पुढची दोन-तीन दुकानं बघून या. परत आलात तर लाजू नका. आम्ही मघाशी काही झालंच नाही असं दाखवतो, आणि दर बहुतेक वेळा तुम्ही म्हणाला होता त्याच्या जवळपास आलेला असतो.