उंचावर काम करताना हत्यार खाली पडू नये म्हणून

नाशिकमध्ये गंगापूर रोड, पाथर्डी फाटा इथे टॉवर उभे राहताहेत, २०२७ च्या सिंहस्थाची कामं सुरू आहेत आणि जुन्या सोसायट्यांत गळतीदुरुस्तीसाठी परांच्या बांधल्या जातात. वर चढणाऱ्याच्या बेल्टची चौकशी निदान कुणीतरी करतं. त्याच्या हातातल्या पान्ह्याची कुणीच करत नाही. १५ मीटरवरून, म्हणजे साधारण पाचव्या मजल्यावरून, निसटलेला पान्हा पावणेदोन सेकंदांत जमिनीवर येतो आणि तोवर त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या वर गेलेला असतो. खालच्या माणसाला वर बघायलाही वेळ मिळत नाही. हेल्मेट हवंच, पण खालून जाणाऱ्या दूधवाल्याच्या किंवा शाळेतून येणाऱ्या मुलाच्या डोक्यावर ते नसतं. म्हणून बंदोबस्त वरच करायचा.

आधी खालची जागा मोकळी करा. पडलेली वस्तू परांचीच्या पाइपवर आपटून भलतीकडे उडते, त्यामुळे भिंतीलगत नुसती दोरी ताणून भागत नाही. पाच मजल्यांच्या कामाला मी निदान ५ मीटरचा पट्टा बंद ठेवायला सांगेन. रविवार कारंज्यासारख्या दाटीत एवढी जागा मिळणारच नाही. तिथे येण्याजाण्याच्या वाटेवर भक्कम छत घाला आणि रहदारी कमी असताना काम उरका.

मग हत्यारं मोजा. जे लागणार तेच वर न्या आणि यादी करा. हातोड्याचं डोकं दांड्यात घट्ट आहे का, ते हलवून बघा. खिशातला मोबाइल खालीच ठेवा. हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा लावा, कारण वाकल्यावर हेल्मेटही पडतं.

आता बांधणी. खरं काम इथेच आहे आणि चुकाही इथेच होतात. साइटवर बहुतेक जण सुतळी वापरतात. किलोभर वजनाचा हातोडा मीटरभर खाली जाऊन थांबतो, तेव्हा दोरीला बसणारा हिसका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो. सुतळी तिथे तुटते. हत्यारांसाठी बनवलेली ताणली जाणारी दोरी मिळते, तिला टूल लॅनयार्ड म्हणतात. किती वजन पेलेल ते तिच्यावर लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. काम करता येईल इतपतच लांबी ठेवा आणि दुसरं टोक शक्यतो हत्यारापेक्षा उंच जागी अडकवा, म्हणजे हिसका कमी बसतो.

हत्याराच्या दांड्याला भोक पाडू नका, दांडा कमजोर होतो. आधीपासून भोक नसेल तर त्यासाठी मिळणारी कडी आणि स्वतःलाच चिकटणारी टेप वापरा. बॅटरीच्या ड्रिलमध्ये बॅटरी वेगळी निसटू शकते, म्हणून तीही बांधा. साधारण २ किलोच्या वरचं हत्यार कमरेला लावूच नका. ते पडलं तर माणसाचाही तोल घालवेल. ते इमारतीच्या मजबूत भागाला बांधा. मनगटाला तर फक्त अगदी हलकी वस्तू.

नट-बोल्ट, वॉशर, खिळे यांना दोरी लावता येत नाही. त्यांच्यासाठी तोंड आवळता येणारी पिशवी ठेवा. उघडं घमेलं नको.

वर-खाली नेताना हत्यार कधीही फेकू नका, झेलायला माणूस कितीही तरबेज असो. तोंड बंद पिशवी दोरीने ओढा. शिडीवर दोन्ही हात मोकळे हवेत.

परांचीच्या कडेला उभी फळी हवीच. पायाने ढकललेली वस्तू तीच अडवते. फळ्यांमधल्या फटी बुजवा, बाहेरून जाळी लावा. उन्हाळ्याच्या शेवटी वळीव येण्याआधी अचानक सोसाट्याचा वारा सुटतो. तेव्हा पत्रे, प्लायवूड आधी आवरा आणि काम थांबवा.

तरीही काही निसटलं, तर जोरात ओरडा. खालच्यांनी वर बघायचं नाही, मान खाली घालून छताखाली पळायचं. हे पहिल्याच दिवशी सांगा, पेठ-सुरगाण्याच्या मजुरांना मराठीत आणि परप्रांतीयांना हिंदीत.

संध्याकाळी यादीप्रमाणे हत्यारं मोजून घ्या. एखादं कमी भरलं तर ते परांचीवरच राहिलं असेल आणि रात्रीच्या वाऱ्यात खाली येईल, म्हणून शोधल्याशिवाय खालचा पट्टा उघडू नका. ज्या दोरीने दिवसभरात एखादं हत्यार झेललं, तिची शिवण शाबूत दिसली तरी ती कापून टाका. नुसती कोपऱ्यात ठेवली तर उद्या कुणीतरी उचलून पुन्हा वापरतो.