चित्रपटाची वही कशी ठेवावी

पुण्यात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला चित्रपट पाहण्याची सवय लावावी लागत नाही, ती आपोआप लागते. लावावी लागते ती पाहिलेल्या चित्रपटाविषयी स्वतःचे मत बनवण्याची सवय. चित्रपटगृहाचा जिना उतरता उतरता हात खिशातल्या फोनकडे जातो, कुणीतरी दिलेले साडेतीन तारे दिसतात, आणि रात्री मेसमध्ये पोळी मोडताना आपण तेच मत आपले म्हणून ठणकावून सांगतो. वाशिमहून इथे आल्यानंतरचे पहिले वर्ष मी याच पद्धतीने काढले. संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी एक वही घातली, आणि आता तिसरी वही अर्धी भरत आली आहे. तेवढ्या अनुभवावरून ही वही कशी ठेवावी ते सांगतो.

वही अप्पा बळवंत चौकात मिळते तशी साधी, रेघांची, दोनशे पानी आणि शिवलेली असावी. तारेच्या वहीची पाने सॅकमध्ये सुटतात. लिहायचे फक्त उजव्या पानावर, डावे पान कोरे सोडायचे. त्याचा उपयोग पुढे येईल. ही टिपणे फोनमध्ये का ठेवू नयेत, असे मला अनेकांनी विचारले आहे. टिपण लिहिण्यासाठी फोन उघडला की त्या चित्रपटाविषयी इतरांनी काय म्हटले आहे ते आपण न मागताही समोर येते, आणि ते एकदा वाचले की न वाचल्यासारखे करता येत नाही. वहीला असली खोड नाही.

आठवड्याला एक चित्रपट पुरे. सकाळी साडेसातचे तास, दुपारची प्रॅक्टिकल आणि संध्याकाळची अभ्यासिका यांतून उरणारा वेळ पाहता यापेक्षा जास्त पाहिले, तर पाहणे होते पण लिहिणे राहते. मी शक्यतो सहाच्या सुमाराचा खेळ धरतो, कारण तो साडेआठ-नऊला सुटतो आणि मेस बंद होण्यापूर्वी सदाशिव पेठेतल्या खोलीवर पोहोचता येते. सबमिशनच्या पंधरवड्यात वही बंद ठेवावी, त्याबद्दल मनाला लावून घेऊ नये. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या तालमींत अडकलेल्यांनीही तेच करावे. त्या दिवसांत पाहिलेल्या कोणत्याही चित्रपटातला अभिनय खोटाच वाटतो, असे माझ्या खोलीतल्या मित्राचे म्हणणे आहे.

प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर चित्रपटाचे नाव, भाषा, वर्ष आणि दिग्दर्शक यांखेरीज आणखी एक ओळ असावी. कुठे पाहिला, कोणत्या खेळाला, कोणाबरोबर, कितव्या रांगेतून, आणि त्या वेळी आपण स्वतः कोणत्या अवस्थेत होतो, हे त्या ओळीत लिहावे. माझ्या पहिल्या वहीत एका चित्रपटाखाली ‘असह्य संथ’ असा शेरा आहे. सहा महिन्यांनी तोच चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा तो मुळीच संथ वाटला नाही. वरची ओळ वाचल्यावर उलगडा झाला: त्या दिवशी मी तोंडी परीक्षा देऊन, दुपारचे न जेवता, पुढून दुसऱ्या रांगेत बसलो होतो. चित्रपट फोनवर पाहिला असेल तर तसे स्पष्ट लिहावे. तळहाताएवढ्या पडद्यावर दूरवरून टिपलेले दृश्य कळतच नाही, आणि मग चेहरे मोठे दिसणारे चित्रपट आपल्याला उगीचच चांगले वाटू लागतात.

वर्षाच्या बाबतीत एक बारकावा सांभाळावा. ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला आणि आपल्याकडे चित्रपटगृहांत आला तो एप्रिल २०१५ मध्ये. त्याला मिळालेला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मात्र २०१४ या वर्षासाठीचा आहे, कारण त्या पुरस्कारांसाठी सेन्सॉर प्रमाणपत्राचे वर्ष धरले जाते. तीन ठिकाणी वेगळे वर्ष दिसले तर गोंधळू नये. सुरुवातीला पडद्यावर येणारे प्रमाणपत्र वाचण्याची सवय लावली की तारीख, कालावधी आणि वर्गवारी एका नजरेत मिळते.

आता मुख्य भागाकडे वळतो. चित्रपट संपल्यानंतरचा पहिला अर्धा तास हा या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे. त्या अर्ध्या तासात कुणाशी बोलू नये, काही वाचू नये, जमल्यास पायी चालावे. डेक्कनकडून येत असलो तर मी लकडी पुलावरून चालत येतो आणि वाटेतल्या अमृततुल्यात अर्धा कप चहा घेऊन तिथेच वही उघडतो. सोबतचे मित्र सुरुवातीला यावर हसले, पण आता ‘याचा चहा होऊ द्या’ म्हणून थांबतात. अंधारात चित्रपट चालू असताना मात्र लिहू नये. अक्षर लागत नाही आणि मान खाली घातल्याबरोबर नेमके काहीतरी निसटते.

या अर्ध्या तासात मत लिहायचे नाही, एक दृश्य लिहायचे. सगळी गोष्ट सांगत बसण्याचा मोह टाळून जे एक दृश्य सर्वांत ठळक आठवते ते क्रियापदांनी उतरवावे: कोण कुठे उभे होते, कॅमेरा जवळ होता की लांब, माणूस चौकटीत आला की चौकट त्याच्याकडे सरकली, कोणता आवाज आधी आला. ‘आई आणि मुलाचे हृदयस्पर्शी दृश्य’ असे लिहिले तर वर्षभराने त्यातून काहीच हाती लागत नाही. ‘आई पाठमोरी भांडी घासते, मुलगा दाराशी उभा राहून नापास झाल्याचे सांगतो, भांड्यांचा आवाज थांबतो, पण ती वळत नाही’ असे लिहिले की ते हृदयस्पर्शी का वाटले हे वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून मी माझ्यापुरती एक बंदी घातली आहे. भारी, अप्रतिम, बोअर, कडक, वास्तववादी आणि ‘सगळ्यांनी जरूर पाहावा’ हे शब्द उजव्या पानावर चालत नाहीत. सगळ्यांत अवघड गेला तो ‘वास्तववादी’ सोडणे, कारण खेड्यातली धूळ दिसली की तो आपोआप लेखणीतून उतरत असे.

दृश्य लिहून झाल्यावर एक शंका लिहावी. शंका म्हणजे चूक काढणे नव्हे, न कळलेली गोष्ट. अमुक पात्र परत का आले, शेवटच्या प्रसंगात रंग फिके का झाले, गाणे इथेच का घातले, असे काहीही चालते. ज्या चित्रपटाविषयी एकही शंका सुचत नाही तो बहुधा मी नीट पाहिलेला नसतो.

मध्यंतराचीही एका ओळीत नोंद ठेवावी. आपल्याकडची पटकथा मध्यंतर धरून बांधलेली असते आणि दिवे लागतात त्या क्षणी एखादा प्रश्न मुद्दाम लोंबकळत ठेवलेला असतो. तो प्रश्न काय होता आणि उत्तरार्धाने त्याचे उत्तर दिले की टाळले, एवढे पाहिले तरी ‘सेकंड हाफ पडला’ या रोजच्या तक्रारीला अर्थ येतो. परदेशी चित्रपट मात्र आपल्या चित्रपटगृहात वाक्याच्या मध्येच तोडला जातो, त्याचा दोष दिग्दर्शकाला देऊ नये.

महिन्यातून एकदा, सुटीच्या दिवशी, एखादे दृश्य मोजावे. मी संख्याशास्त्राचा असल्यामुळे मला हे जास्त आवडते हे कबूल करतो, पण त्याला गणित लागत नाही. घरी लॅपटॉपवर पाच मिनिटांचे दृश्य लावावे आणि चित्र तुटून दुसरे लागले की वहीत एक उभी रेघ ओढावी, पाचवी रेघ आडवी. पाच मिनिटांचे ३०० सेकंद होतात. साठ रेघा झाल्या तर प्रत्येक शॉट, म्हणजे मध्ये न तुटलेले सलग चित्र, सरासरी सुमारे पाच सेकंदांचा. एका भांडणाच्या दृश्याविषयी मी ‘वेगवान संकलन’ असे आत्मविश्वासाने लिहिले होते. मोजल्यावर त्या संपूर्ण दृश्यात चारच शॉट निघाले. वेग संकलनात नव्हताच, तो संवादांत होता. पात्रे एकमेकांची वाक्ये पुरी होऊ देत नव्हती. त्या दिवसापासून एखादी संज्ञा वापरण्यापूर्वी मी दोनदा विचार करतो. त्यानंतर तेच दृश्य एकदा आवाज बंद करून पाहावे आणि एकदा डोळे मिटून ऐकावे. आवाज बंद केल्यावर रडू येणे थांबले, तर ते रडू पार्श्वसंगीताने आणले होते हे कळते. त्यात काही गैर नाही, फक्त श्रेय योग्य माणसाला द्यावे.

डोळे मिटून ऐकताना बोलीकडे लक्ष द्यावे. आमच्याकडची वऱ्हाडी बोली मराठी चित्रपटात आली की पुष्कळदा ती हशा मिळवण्यासाठीच येते, आणि तोच माणूस गंभीर बोलू लागला की त्याची भाषा हळूच पुण्याची होते. हे माझ्या लक्षात यायला पहिली संपूर्ण वही लागली, कारण तोपर्यंत मीही चित्रपटगृहात सगळ्यांबरोबर हसत होतो. मालवणी किंवा अहिराणी घरात बोलणाऱ्यांनी आपापल्या बोलीविषयी अशी वेगळी नोंद ठेवावी. त्याबाबत त्यांना जे ऐकू येईल ते कोणत्याही समीक्षकाला येणार नाही.

काय पाहावे याविषयी फार सांगत नाही, पण पुण्यात राहून फक्त नवे चित्रपट पाहणे म्हणजे नदीकाठी राहून बाटलीतले पाणी पिणे आहे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, लॉ कॉलेज रस्त्यावरच आहे. संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात होणारे खेळ, शहरातल्या फिल्म क्लबांचे कार्यक्रम आणि आपल्या महाविद्यालयातले चित्रपट मंडळ, यांच्यावर लक्ष ठेवले तर कमी खर्चात जुने चित्रपट मोठ्या पडद्यावर पाहता येतात. जुना कृष्णधवल चित्रपट पहिल्यांदा पाहताना वीस मिनिटे अवघडल्यासारखे होते. ती वीस मिनिटे उठून जाऊ नये. कान त्या काळच्या उच्चारांना सरावले की पुढे अडचण येत नाही.

पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत वहीचा नियम थोडा बदलावा लागतो. पहिल्या वर्षी मी एका दिवसात पाच चित्रपट पाहिले आणि दुसऱ्या दिवशी इराणी चित्रपटातली म्हातारी पोलिश चित्रपटात घालून मोकळा झालो. आता दोन पाहतो, फार तर तीन, आणि प्रत्येकानंतर रांगेत उभ्याउभ्या निदान एक दृश्य लिहून ठेवतो.

उजवे पान पूर्ण झाल्यानंतरच समीक्षा वाचावी आणि चर्चेला बसावे. चर्चेत आपले दृश्य सांगावे आणि समोरच्याला त्याचे दृश्य विचारावे. ‘आवडला का?’ या प्रश्नाने कट्ट्यावर दोन तट पडतात. ‘तुला काय आठवतं?’ असे विचारले की चित्रपट न आवडलेला मित्रही बोलू लागतो. सुटीत घरी गेलो की मी आईलाही हेच विचारतो. तिने बहुतेक चित्रपट स्वयंपाक करता करता दूरदर्शनवर, अर्धे ऐकत अर्धे पाहत पाहिलेले आहेत, आणि तिला आठवणारी दृश्ये माझ्यापेक्षा निराळी असतात. एकदा ती म्हणाली, “त्या पिक्चरमधल्या घरात कोणी पाणीच भरत नाही, पाहिलंस का?” मी पाहिले नव्हते.

असे काही ऐकले, समीक्षेत पटण्यासारखे काही सापडले, किंवा चित्रपट दुसऱ्यांदा पाहून मत बदलले, की ते डाव्या पानावर तारखेसह लिहावे. उजव्या पानावरचे मात्र खोडू नये, ते कितीही बाळबोध वाटले तरी. ‘असह्य संथ’ हा माझा शेरा अजून तसाच आहे, आणि त्याच्या समोरच्या पानावर वेगवेगळ्या तारखांच्या तीन नोंदी आहेत, त्यांतली एक आईची.

वही संपत आली की शेवटची चार पाने अनुक्रमणिकेसाठी ठेवावीत. ती चित्रपटांच्या नावांनी न करता आठवलेल्या गोष्टींनी करावी: पाऊस, जेवणाची पंगत, रेल्वे फलाट, दार लावल्याचा आवाज, पाठमोरी माणसे. माझ्या दुसऱ्या वहीत ‘पाठमोरी माणसे’ या नोंदीपुढे अकरा पानांचे क्रमांक आहेत; अकरावा लिहिताना माझी आवड कुठे आहे हे मला पहिल्यांदा दिसले.