डोळ्यात मलम भरायच्या आधी ट्यूबवरचं नाव वाचा

पावसाने उघडीप दिली की माश्या एकदम वाढतात, गवताला कुसळं येतात आणि एखाद्या वासराचा डोळा गळायला लागतो, मग दोन-चार दिवसांत शेजारच्या दावणीचं जनावर तसंच उभं असतं. आत्ता तेच दिवस आहेत. हा साथीचा आजार बहुतेक वेळा मोरॅक्झेला बोव्हिस या जीवाणूमुळे होतो, माशी एका डोळ्यातलं पाणी चाखते आणि दुसऱ्या डोळ्यावर जाऊन बसते. त्यात ऊन आणि धूळ आणखी भर घालतात.

पण डोळे गेलेले मी बघितलेत ते जास्त करून आजाराने नाही, कोनाड्यातल्या जुन्या ट्यूबने. मागच्या वर्षी कुणालातरी आणलेलं मलम, झाकण गेलेलं, नाव पुसलेलं, तेच बोटावर घेऊन चोळलं जातं. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड असलं तर लाली दोन दिवसांत उतरते, माणूस खूश होतो आणि आत बुबुळावरची जखम खोल जात राहते, कारण स्टेरॉईड शरीराची लढायची ताकदच दाबून टाकतं. एका कालवडीचं असंच झालं, दुकानदाराने "हे भारी आहे, लगेच फरक पडतो" म्हणून दिलेलं मलम, फरक पडला पण, आणि मग बुबुळ पुढे फुगून फुटलं. म्हणून नाव वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, हायड्रोकॉर्टिसोन ही सगळी स्टेरॉईडचीच नावं, यातलं काहीही लिहिलेलं असेल तर डॉक्टरांनी डोळा तपासल्याशिवाय लावू नका. डॉक्टर डोळ्यात एक रंग टाकतात, जखम असेल तिथे हिरवं चमकतं, एवढीच तपासणी आहे पण तिच्यावर डोळा राहतो की जातो ते ठरतं.

साधं टेट्रासायक्लिन (जीवाणूंवरचं औषध) १ टक्का डोळ्याचं मलम बऱ्याच वेळा पुरतं, महागडी मिक्स ट्यूब लागत नाही. क्लोरॅम्फेनिकॉल हे दुसरं जीवाणूंवरचं औषध दूध-मांसाच्या जनावरांना बऱ्याच देशांत बंद आहे, ते कुणी दिलं तरी घेऊ नका.

लावायची पद्धत:
- डोकं म्होरकीने खांबाला पक्कं बांधा, हात साबणाने धुवा
- १ लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ, गार झाल्यावर कापसाने चिपडं पुसा, नाकाकडून कानाकडे, प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस
- पापणीखाली कुसळ आहे का बघा, सहज निघालं तर काढा, रुतलं असेल तर हात लावू नका
- खालची पापणी ओढून आत साधारण २ सेंमी मलमाची वात सोडा, ट्यूबचं तोंड डोळ्याला लागता कामा नये
- पापणी मिटून थोडा वेळ धरून ठेवा
- दिवसातून २-३ वेळा, कारण पाण्याबरोबर मलम वाहून जातं
- चांगला डोळा आधी हाताळा, आजारी नंतर

आणि पाणी थांबलं म्हणून दुसऱ्याच दिवशी बंद करू नका, बरं दिसल्यावर पण २ दिवस लावा. ट्यूब फोडलेली तारीख तिच्यावरच लिहा, ४ आठवडे झाले की फेकून द्या, पुढच्या वर्षाला ठेवायची नाही, कोनाड्यात तर अजिबातच नाही.

बरीच जनावरं एकदम धरली तर डॉक्टर लाँग ॲक्टिंग, म्हणजे जास्त दिवस काम करणारं, ऑक्सिटेट्रासायक्लिनचं इंजेक्शन देतात, जनावराच्या वजनाच्या दर किलोला २० मिलिग्रॅम, त्यानंतर लेबलवर लिहिलेत तेवढे दिवस दूध विकायचं नाही. डोळ्यात बारीक पांढरे दोऱ्यासारखे किडे वळवळताना दिसले तर नुसत्या मलमाने भागत नाही, त्याला जंताचं औषध लागतं.

गोठ्याचं:
- शेण रोज लांब
- आजारी जनावर वेगळं, सावलीत
- त्याचं फडकं, दोर वेगळे
- उंच कुसळाच्या गवतात चरायला नको

माझा एक अंदाज सांगतो, पुस्तकात कुठे वाचलेलं नाही. सकाळी जे वासरू उजेडाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभं राहतं त्याचा डोळा मी लगेच बघतो, पाणी यायच्या आधीच ते दुखणं सांगत असतं. आणि औषध लागू पडतंय का ते लालीवरून ठरवू नका, पापणी आपोआप उघडायला लागली का ते बघा. २ दिवसांत उघडली नाही, किंवा बुबुळ मधोमध पांढरं होऊन वर आल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा, आणि जे मलम लावलंय ती ट्यूब त्यांना हातात द्या.