गोंयकारांनो, जर्मन इंग्लिशमधून शिकू नका

नर्सिंगला जा नाहीतर मास्टर्सला, जर्मनीला निघालेल्या सगळ्यांना एकच सांगणं, ग्रामर इंग्लिशमधून समजून घेत बसू नका, आपली मराठी-कोकणी जास्त उपयोगी पडते. तो-ती-ते आपल्याला लहानपणापासून येतं, तसंच तिकडे देअर-डी-दास. फक्त लिंग जुळेलच असं नाही, आपलं ते टेबल तिकडे देअर टिश होतं. मेडशन म्हणजे मुलगी, आणि ती नपुंसकलिंगी! बाकीचे हसतात, पण कोकणीत आपण 'तें चेडूं' म्हणतोच की.

तर शब्द आर्टिकलसकटच, म्हणजे पुढच्या देअर-डी-दाससकटच, पाठ करायचा. निघायच्या आधी शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात फिरताना दिसेल त्याला नाव द्या, देअर फिश, डी मँगो, दास ब्रोट म्हणजे पाव. मग विकत घ्या, म्हणजे मनात हो: इश काउफे देन फिश, डी मँगो, दास ब्रोट. बघा, कर्म झाल्यावर फक्त पुल्लिंगी देअरचा देन झाला, बाकी दोघं जागच्या जागी. आक्कुझाटीव म्हणतात ते हेच, उगाच बाऊ करतात. दाटीव, म्हणजे 'मुलाला दिलं'मधलं आपलं 'ला', मात्र त्रास देतो, तिथे तिन्ही बदलतात, देम-देअर-देम, ते घोकायलाच लागतं, शॉर्टकट नाही.

क्रियापद साध्या वाक्यात दुसऱ्या जागी येतं आणि आपण सवयीने शेवटी टाकतो. यावर सोपा उपाय म्हणजे सुरुवातीचे दिवस म्योश्टे, म्हणजे 'करायचंय, हवंय', वापरा, ते दुसऱ्या जागी बसतं आणि खरं क्रियापद शेवटी जातं, अगदी मराठीसारखं. पोचल्यावर घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिथे काउंटरवर हेच म्हणायचं, इश म्योश्टे मिश आनमेल्डन, मला नोंदणी करायचीय. वाइल म्हणजे 'कारण' लावलं तरी क्रियापद शेवटीच. त्या नोंदणीला सोबत घरमालकाने भरून दिलेला कागद लागतो, त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, आपल्या कदंबा बसएवढं लांब, पण शेवटी उंग आहे म्हणजे डी, डोळे झाकून. हाइट, काइट, शाफ्टवालेपण डीच.

आकड्यांचं टेन्शन नको, आइनउंडत्स्वांत्सिश म्हणजे एक आणि वीस, आपलं एकवीसच. आणि काउंटरवरच्या माणसाला झी म्हणा, अहो-जाहो. दू, म्हणजे अरे-तुरे, त्यांनी म्हटल्यावर.