भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ पाच मिनिटांत थांबायचं, त्याचं कारण

भिंत रंगवल्यावर टोल्यांचं घड्याळ परत लावलं, तर ते चालेना. चावी भरून लंबक हलवला की पाच मिनिटांत गप्प. घरात एकच निदान: स्प्रिंग गेली. पण स्प्रिंग तुटली असती तर चावी नुसती गरगर फिरली असती. इथे ती व्यवस्थित भरत होती.

कान लावला. ठोके लंगडत पडत होते: टिकटॉक... टिकटॉक. लंबक मधल्या जागेपासून दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर गेला की दातेरी चाकाचा दात सुटायला हवा, तसा तो सुटत नव्हता. पेटीचा तळ जरा डावीकडे सरकवला, ठोके समान झाले आणि घड्याळ चालू राहिलं! तिरकं घड्याळ मात्र आईला मुळीच खपेना.

मग पेटी ओळंब्यात आणली. लंबकाला ढकलणारी मागची पितळी दांडी केसभर वाकवली, ऐकलं, पुन्हा वाकवली, सरळ पेटीतही ठोके समान पडेपर्यंत. वाकवताना दांडीचं वरचं टोक धरायचंच, नाहीतर नाजूक दातांवर जोर येतो. तेलाला हात लावला नाही. (खोबरेल तर कधीच नको, थंडीत गोठतं.)

आता थोडं मागे पडतंय. लंबकाखालची चकती फिरवून गोळा किंचित वर घेतलाय.