सुरुवात झीलकऱ्याच्या जागेवरून करावी

पुण्यात लोकसंगीत शिकू पाहणारे विद्यार्थी भेटतात, तेव्हा ढोलकी कोठे शिकावी हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माझे उत्तर ठरलेले आहे: आधी एखाद्या शाहिरी पथकात झीलकरी म्हणून उभे राहा. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना याच जागेवरून सुरुवात केली आणि आज जे काही येते, त्याचा पाया तेथेच घातला गेला.

झीलकरी शाहिराच्या मागे उभा राहून ध्रुवपद उचलतो आणि ‘जी जी रं जी’ची साथ देतो. ही जागा दुय्यम वाटते, परंतु पोवाड्याची घडण तेथूनच नीट दिसते. शाहीर चौक, म्हणजे पोवाड्याचा एकेक भाग, रंगवत नेतो, मध्येच गद्यात प्रसंग सांगतो, पुन्हा लय चढवतो. या सगळ्यात त्याला श्वास घ्यायला जी उसंत मिळते, ती झीलकऱ्यांनी वेळेवर घेतलेल्या उचलीमुळे मिळते. माझी उचल सुरुवातीला अर्धी मात्रा उशिरा पडत असे आणि शाहिरांचा पुढचा शब्द दमछाकीत निघत असे. ते एकदाही रागावले नाहीत. तालमीनंतर थांबवून घेऊन त्यांनी मला तुणतुणे हातात धरून नुसते ऐकायला लावले. तुणतुण्याला एकच तार असते, म्हणून ते सोपे समजले जाते. शाहिराच्या पट्टीशी ती तार जुळवणे, तासभर लय न सोडता ती छेडणे आणि त्याच वेळी तोंडाने झील धरणे, हे साधायला मला जवळपास वर्ष लागले.

वाद्याची निगा हा शिक्षणाचाच भाग आहे. भाद्रपदात गणेशोत्सवाच्या मांडवात पाऊस असतो आणि ओल्या हवेत डफाचे कातडे सैल पडते. माझ्या पहिल्याच कार्यक्रमात डफ शेकण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. मी निखाऱ्यांची सोय केली नाही आणि दुसऱ्या चौकातच डफ बसका वाजू लागला. तेव्हापासून पावसाळ्यात मी कार्यक्रमाच्या जागी तासभर आधी पोहोचतो.

गोंधळ शिकायचा असेल, तर तो मुळात कुळाचार आहे, हे मनात पक्के असावे. धान्याचा चौक मांडून घट बसवला जातो, दिवटी पेटवली जाते, संबळाच्या साथीने तुळजापूरची भवानी, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा अशा दैवतांना आवाहन होते आणि त्यानंतरच आख्यान सुरू होते. रंगमंचावर यातील बराचसा भाग वेळेअभावी गाळला जातो. म्हणून एखाद्या घरी लग्नानंतर होणारा जागरण-गोंधळ, यजमानांची आणि गोंधळी मंडळींची परवानगी घेऊन, पहाटेपर्यंत बसून ऐकावा. भजनाकडे ओढा असेल, तर आळंदी जवळ आहे. तेथील वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी 1917 साली स्थापन केली.

तमाशाची ढोलकी समजून घेण्यासाठी गुढीपाडव्याच्या सुमारास जुन्नर तालुक्यातील नारायणगावला अवश्य जावे. तेथे फडांच्या, म्हणजे तमाशा मंडळांच्या, राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच यात्रेसाठी सुपारी द्यायला, म्हणजे कार्यक्रम ठरवायला, येतात. हे गाव तमाशा कलावंत विठाबाई नारायणगावकरांचे आहे. फडमालकाचा हिशोब, कलावंतांनी घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) आणि यात्रांचा हंगाम जवळून पाहिल्यावर या कलेचा संसार कशावर चालतो, ते उमगते. पुण्यातील आमचीही मिळकत हंगामीच आहे. गणेशोत्सव, नवरात्र आणि शिवजयंती या दिवसांत मागणी असते, पावसाळ्याच्या आरंभी हात रिकामे असतात. त्यामुळे पहिली काही वर्षे दुसरे काम सोडू नये. मानधन किती आणि ते कधी मिळणार, हे आधीच विचारून घ्यावे. माझे एका आयोजकाकडील पैसे कायमचे बुडाले, कारण संकोचाने मी काहीही लिहून घेतले नव्हते.

वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. एकच पद दोन घराण्यांत वेगळ्या चालीने आणि वेगळ्या कडव्यांसह गायले जाते, आणि त्यांतले एक चुकीचे ठरवण्याचा अधिकार नवशिक्याला नाही. पद कोणाकडून ऐकले, त्यांचे गाव कोणते, पट्टी कोणती, ठेका कोणता, हे त्याच रात्री लिहावे. ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारावे आणि त्याची एक प्रत गाणाऱ्यांच्या घरी पोहोचती करावी.