सेवा-नोंदीत युद्धसेवा आणि पदकांची दुरुस्ती

१९७१ च्या भारत-पाक युद्धात किंवा १९९९ च्या कारगिल मोहिमेत भाग घेऊनही ज्यांच्या डिस्चार्ज बुकात (सेवामुक्तीच्या वेळी मिळणाऱ्या सेवा-नोंदीच्या पुस्तकात) पदकाचा उल्लेख नाही, अशा धुळे, जळगाव व नंदुरबार जिल्ह्यांतील माजी सैनिकांनी किंवा त्यांच्या वीरपत्नींनी अर्ज थेट संरक्षण मंत्रालयाकडे न धाडता संबंधित रेकॉर्ड ऑफिसकडे (रेजिमेंटच्या सैनिकांचे अभिलेख सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे) करावा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अभिलेख बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागरला आणि तोफखान्याचे नाशिकरोडला आहेत. मसुदा व पत्ता यांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी.

अर्जात सेनाक्रमांक, युनिट आणि मोहिमेच्या क्षेत्रात असल्याचा काळ हे तिन्ही स्पष्ट लिहावे, कारण पदक युद्धाच्या नावावर नव्हे, तर तैनातीच्या क्षेत्रावर ठरते: १९७१ साठी पूर्व आघाडीवर ‘पूर्वी स्टार’ हे पदक, पश्चिमेला ‘पश्चिमी स्टार’. म्हणून ‘मी लढाईत होतो’ एवढ्यावर भागत नाही. मूळ नोंद युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (सैनिकाच्या सेवेतील घटना नोंदवणाऱ्या अधिकृत आदेशात) शोधावी लागते. डिस्चार्ज बुकाची साक्षांकित प्रत जोडावी, मूळ प्रत मात्र कधीही टपालात टाकू नये. नावाच्या स्पेलिंगमधील फरक (‘पाटील’ची दोन रूपे तर आपल्याकडे घरोघरी आहेत) आधीच नमूद करावा.